एसीच्या कॉम्प्रेसरवर टायरची हवा: एसी नसलेल्या जीपमध्ये इंजिनवर चालणारा एअर कॉम्प्रेसर कसा बसवायचा

चिखलात किंवा वाळूत उतरण्याआधी टायरची हवा ३२ पीएसआयवरून १८ वर आणणं दोन मिनिटांचं काम आहे. खरी परीक्षा परत येताना. डांबरी लागली की चारही टायर पुन्हा भरायचे असतात आणि लायटरच्या सॉकेटला लावलेला पंप घरघर करत तापतो. दोन टायर झाले की त्याला थंड होऊ द्यायचं, तोवर बाकीच्या गाड्या रस्त्याकडेला खोळंबून.

यावर ऑफ-रोडवाल्यांचा जुना इलाज म्हणजे गाडीच्या एसीचा कॉम्प्रेसर गॅसऐवजी हवा दाबायला लावणं. अमेरिकेतले जीपवाले त्यासाठी यॉर्कचा जुना दोन सिलिंडरचा कॉम्प्रेसर शोधतात, कारण त्याच्या पोटात स्वतःचं ऑइल साठलेलं असतं. आपल्याकडच्या भंगारात तो सहसा दिसत नाही. दिसतो तो सँडेनचा पाच सिलिंडरचा, ५०८ किंवा त्याच घराण्यातला ५एच१४. एका फेऱ्यात १३८ सीसी हवा ओढणारा, दणकट, क्लचसकट मिळणारा (गाडीचा क्लच नव्हे, करंट दिला की पुलीला कॉम्प्रेसरशी जोडणारा). पण त्याला वंगण मिळतं ते एसीच्या गॅसबरोबर फिरणाऱ्या ऑइलमधून. हवेवर लावला की ते ऑइल हवेबरोबर बाहेर जातं आणि परत येत नाही. ब्रॅकेट सुंदर, वायरिंग नीटनेटकं आणि पहिल्याच पावसाळ्यानंतर कॉम्प्रेसर जॅम, असं होतं ते बहुतेक यामुळेच. म्हणून खाली ऑइलवर जास्त लिहिलंय आणि स्विच-रिलेवर कमी.

कोणत्या गाडीत

एमएम५४०, एमएम५५०, मेजर, थार डीआय अशा एसी नसलेल्या महिंद्रा यासाठी उत्तम, कारण कॉम्प्रेसरची जागा रिकामी असते. थार डीआयचं २५२३ सीसीचं इंजिन बोलेरोच्या घराण्यातलं आणि बोलेरो एसीसह विकली गेलेली. म्हणजे मूळ ब्रॅकेट आणि दोन खाचांची क्रँक पुली भंगारात मिळायची शक्यता चांगली. मात्र ब्लॉकवरची भोकं आपल्या इंजिनाशी जुळवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. एकाच इंजिनाच्या वेगवेगळ्या सालांत पुढचा भाग बदललेला असतो. थार सीआरडीईसारख्या एसीच्या गाडीत दुसरा कॉम्प्रेसर घुसवावा लागतो आणि जागेची मारामारी होते. एसी काढून त्याचाच कॉम्प्रेसर हवेला लावायचा असेल, तर आधी एसीवाल्याकडून गॅस मशिनने काढून घ्या. पाइप ढिला करून गॅस हवेत सोडू नका.

हवा पुरेल का, हे आधी कागदावर

क्रँक पुली १५० मिमी आणि कॉम्प्रेसरची १२५ मिमी धरली, तर कॉम्प्रेसर इंजिनाच्या १.२ पट फिरतो. इंजिन १५०० आरपीएमवर धरलं की कॉम्प्रेसर १८०० वर. १३८ सीसी गुणिले १८०० म्हणजे मिनिटाला २४८ लिटर. हे कागदावरचं. दाब चढेल तशी ओढ कमी होते, म्हणून साठ टक्के धरा: साधारण १५० लिटर.

२३५/७० आर १६ टायरच्या पोटात ४५ ते ५० लिटर जागा असते. १८ वरून ३२ पीएसआयवर न्यायचं म्हणजे जवळपास तेवढीच बाहेरची हवा आत कोंबायची. हिशेबाने वीस सेकंद लागायला हवीत. प्रत्यक्षात व्हॉल्व्हच्या पिनचं भोक बारीक असल्याने पाऊण ते एक मिनिट लागतं. लायटरवरच्या पंपाला लागणाऱ्या वेळापुढे हे काहीच नाही.

भंगारातला कॉम्प्रेसर पारखताना

मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात जुना बाजार किंवा तुमच्या गावातला ओळखीचा एसीवाला. कुठूनही घ्या, पण चार गोष्टी तिथेच उभं राहून तपासा.

क्लचची पुढची थाळी हाताने फिरवा. पाच ठोके सारखे जाणवले पाहिजेत. खरखर किंवा अडकणं नको. मागच्या डोक्यावर एस आणि डी कोरलेलं असतं: एस म्हणजे ओढ, डी म्हणजे दाब. डीच्या तोंडावर अंगठा दाबून थाळी फिरवली की अंगठा ढकलला गेला पाहिजे, एसवर आत ओढला गेला पाहिजे. मग नुसती पुली फिरवा. बेअरिंग गेलं असेल तर लगेच ऐकू येतं. ऑइलच्या प्लगमधून थेंबभर ऑइल बोटावर घ्या. काळं आणि चमचमणारं असेल तर तो आतून खाल्लेला आहे, स्वस्त म्हणून उचलू नका.

मल्टिमीटर जवळ असेल तर क्लचच्या कॉइलचा रोधही मोजा. १२ व्होल्टची कॉइल तीन-चार ओहम दाखवते. बारा-चौदा ओहम आले तर तो बस-ट्रकचा २४ व्होल्टचा आहे आणि जीपच्या बॅटरीवर त्याचा क्लच नीट पकडणार नाही.

व्हेरिएबल डिस्प्लेसमेंटचा कॉम्प्रेसर मात्र घेऊ नका, नवा मिळाला तरी. ओढीच्या बाजूचा दाब कमी झाला की तो स्वतःच स्ट्रोक आखडता घेतो. बाहेरच्या हवेचा दाब त्याच्या दृष्टीने कायमच कमी, त्यामुळे तो फिरत राहील आणि हवा मात्र नावालाच देईल.

ब्रॅकेट आणि पट्टा

बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून कामाला लागा. ब्रॅकेट इंजिनाच्या ब्लॉकलाच बांधायचं, चॅसिसला कदापि नाही. इंजिन फाउंडेशन रबरांवर हलतं, चॅसिस हलत नाही. पट्टा पहिल्याच दगडावर उडेल. टायमिंग कव्हरच्या किंवा ऑइल चेंबरच्या बोल्टांवरही भार टाकू नका.

आधी जाड पुठ्ठ्याचा साचा कापा. कॉम्प्रेसर हातात धरून जागेवर ठेवा आणि बॉनेट लावून बघा, स्टिअरिंग पूर्ण फिरवून बघा, पंख्याच्या पात्यापासून अंतर बघा. ऑइल भरायचा प्लग वरच्या अंगाला राहिला पाहिजे. आडवा झाला तर चालतो, खाली तोंड करून नको. मग १० एमएमच्या एमएस प्लेटमध्ये काढून घ्या. कॉम्प्रेसरचे पुढचे आणि मागचे, दोन्हीकडचे कान पकडले गेले पाहिजेत. फक्त पुढच्या कानांवर लटकवलेला कॉम्प्रेसर थरथरून कान तोडतो. फॅब्रिकेटरला आधी नुसते टाके मारायला सांगा, जागेवर लावून पुली जुळवा, मग पूर्ण वेल्डिंग आणि कोपऱ्यात त्रिकोणी पट्टी. वेल्डिंगने प्लेट ओढली जाते, म्हणून नंतर पुन्हा जुळवणी तपासायचीच. बोल्ट ८.८ ग्रेडचे, नट नायलॉकचे.

जुळवणीसाठी अॅल्युमिनियमचं सरळ सेक्शन क्रँक पुलीच्या तोंडावर टेकवा. एक मिलिमीटरच्या वर फरक दिसला तर वॉशर घालून सरकवा. दोन पुलींच्या कडांची जाडी वेगळी असू शकते, म्हणून कडा नाही, खाचा जुळवायच्या.

पट्ट्याची लांबी काढायला ताणाचा स्लॉट पूर्ण सैल बाजूला ठेवा, दोन्ही पुलींभोवती सुतळी गुंडाळा, मोजा आणि दुकानात जा. ए सेक्शनच्या पट्ट्यावर जो आकडा असतो तो आतल्या लांबीचा, इंचात: ए ३८ म्हणजे ३८ इंच. ताण असा की मधल्या भागावर अंगठा जोरात दाबला तर सेंटिमीटरभर दबेल. नवा पट्टा पहिल्या तासा-दीड तासात ढिला होतो, तेव्हा पुन्हा ताणा.

शक्य असेल तर कॉम्प्रेसरचा पट्टा वॉटर पंप आणि अल्टरनेटरच्या पट्ट्यापासून वेगळा ठेवा. जंगलात पुलीचं बेअरिंग जाम झालं तर पट्टा कापायचा आणि घरी यायचं. एकच पट्टा सगळ्यांना असेल तर कॉम्प्रेसरबरोबर गाडीही तिथेच राहते.

ऑइल

जुन्या कॉम्प्रेसरमध्ये बहुधा एसीचं पॅग ऑइल असतं. हे ऑइल पाणी शोषतं. बंद एसीत ते चालतं, पण आपण त्यातून कोकणातली, घाटातली ओली हवा ओढणार. पॅग त्यात खराब होऊन चिकट होतं आणि मिनरल ऑइलमध्ये ते मिसळतही नाही. म्हणून पहिलं काम, पॅग पूर्ण काढणं. प्लग उघडून कॉम्प्रेसर रात्रभर उलटा ठेवा, नवीन ऑइल थोडं घालून थाळी हाताने वीस-तीस वेळा फिरवा, ओता आणि बाहेर येणारं ऑइल स्वच्छ दिसेपर्यंत पुन्हा करा. मग गॅरेजमधल्या पिस्टनच्या एअर कॉम्प्रेसरला वापरतात ते व्हीजी १०० चं मिनरल ऑइल भरा. ५०८ ला १३५ मिलीच्या आसपास लागतं. बऱ्याचदा बॉडीवरच्या चिठ्ठीवर आकडा छापलेला असतो. इंजिन ऑइल घालू नका, त्यातले डिटर्जंट पाण्याला धरून ठेवतात आणि फेस करतात.

आता हे ऑइल टिकवायचं कसं? ओढीच्या तोंडातून आलेलं ऑइल सिलिंडरच्या भिंती ओल्या ठेवतं आणि पिस्टनच्या कडेने निसटणाऱ्या हवेबरोबर आत बेअरिंगांपर्यंत पोचतं. म्हणजे ओढीच्या हवेत ऑइल असणं ही याची मूळ रचना आहे, आपल्याला फक्त तो धर्म पाळायचा आहे.

सगळ्यात साधा मार्ग: ओढीच्या नळीत एक टी आणि बुच. ट्रिपला निघण्यापूर्वी इंजिन बंद असताना दोन-तीन चमचे ऑइल घाला आणि क्लचची थाळी हाताने काही फेरे फिरवा. ते ऑइल आत पसरल्याशिवाय इंजिन चालू करून क्लच लावू नका. सिलिंडरमध्ये साचलेलं ऑइल दाबलं जात नाही, रीड व्हॉल्व्ह (पातळ पत्त्यांच्या झडपा) तुटतात. महिन्यातून एखादवेळी चार टायर भरणाऱ्याला हे पुरतं.

नेहमी वापरणाऱ्याने न्यूमॅटिकच्या दुकानात मिळणारं ल्युब्रिकेटर ओढीच्या नळीत बसवावं, फिल्टर आणि कॉम्प्रेसरच्या मध्ये. हवा ओढली की काचेच्या वाटीतून थेंब पडतात. स्क्रू फिरवून काही सेकंदांना एक थेंब, इतकंच ठेवा. दाबाच्या बाजूला, टाकीनंतर, ऑइल पकडणारा कोअलेसिंग फिल्टर लावा आणि दहा मिनिटं चालवून त्याच्या वाटीत किती साचलं ते बघा. वाटी भराभर भरत असेल तर थेंब कमी करा. फिल्टरमध्ये पकडलेलं ऑइल बारीक नळीने परत ओढीकडे आणायची व्यवस्थाही काही जण करतात. चालते, पण त्या नळीत अगदी बारीक भोक ठेवावं लागतं, ते कचऱ्याने तुंबतं आणि तुंबलंय हे कळायला मार्ग नसतो. माझं मत ल्युब्रिकेटरला.

कॉम्प्रेसरच्या पोटात ग्रीस ठासून भरायचा एक प्रकारही ऐकायला मिळेल. बेअरिंगांना ते मिळेल, सिलिंडरच्या भिंतींपर्यंत ते वर जात नाही. नको.

ओढीची हवा कुठून घ्यायची? इंजिनाच्या एअर फिल्टरच्या पेटीतून, फिल्टरच्या स्वच्छ बाजूने आणि टर्बोच्या आधी, नळी काढली की धूळ आणि ओढ्याचं पाणी दोन्ही सुटतं. स्नॉर्केल (इंजिनाची हवा उंचावरून घेणारी नळी) असेल तर त्याचाही आपोआप फायदा. वेगळा छोटा फिल्टर लावणार असाल तर तो बॉनेटखाली शक्य तितका उंच ठेवा.

गरम हवेची नळी

आठ किलोपर्यंत (चौरस सेंटिमीटरला किलो, म्हणजे साधारण ११५ पीएसआय) दाबलेली हवा कॉम्प्रेसरमधून बाहेर पडताना सव्वाशे-दीडशे अंशांपर्यंत सहज जाते. निळी-काळी पीयू (पॉलीयुरेथेन) नळी इथे मेणासारखी वितळते आणि या हवेत ऑइलची वाफही असते. कॉम्प्रेसरच्या डीपासून पहिला हातभर तुकडा स्टीलच्या जाळीचा टेफलॉन होज घ्या, कारण इंजिन हलतं आणि सरळ तांब्याची नळी थरथरून कडक होते, मग तडकते. होजचं दुसरं टोक बॉडीवर पक्कं करा आणि तिथून पुढे एसीवाले वापरतात ती ३/८ इंची तांब्याची नळी, दीड-दोन मीटर, थोडी वळणं देत टाकीपर्यंत. याच वळणांत हवा थंड होते. एक्झॉस्टपासून लांब.

टाकीच्या तोंडाशी पितळी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने जाऊ देणारा), गरम हवेसाठीचाच. पाण्याच्या लाइनला लावायचा प्लॅस्टिकच्या झडपेचा पहिल्या दिवशीच जातो.

टाकी

छोट्या ट्रकच्या एअर ब्रेकची १० लिटरची टाकी घ्या. ती या दाबासाठीच बनलेली असते आणि तोंडंही पुरेशी मिळतात. एसीवाल्यांकडची फेकून द्यायची गॅसची सिलिंडर किंवा जुनी एलपीजीची टाकी कुणी सुचवली तर हात जोडा. त्या डिस्पोजेबल सिलिंडरचा पत्रा पातळ असतो आणि ओल्या हवेने आतून गंजतो; फुटते तेव्हा सूचना देऊन फुटत नाही. जुनी ब्रेकची टाकी घेतलीत तर पूर्ण पाण्याने भरून हातपंपाने १२-१३ किलोपर्यंत दाब देऊन बघा. पाणी भरूनच, हवेने नाही: पाणी भरलेली टाकी फुटली तर पाणी गळतं, हवा भरलेली फुटली तर तुकडे उडतात.

टाकीला वेल्डिंग करायचं नाही, यू क्लॅम्पने चॅसिसच्या आतल्या बाजूला, दगड लागणार नाही इतकी वर बांधायची. सगळ्यात खालच्या तोंडाला ड्रेन कॉक. वर १५० पीएसआयचा सेफ्टी व्हॉल्व्ह, गेज, प्रेशर स्विच आणि बाहेर जाणारी लाइन. सेफ्टी व्हॉल्व्ह आणि टाकी यांच्या मध्ये कोणताही कॉक नसावा.

ड्रेन कॉक का, तर पावसाळ्यात ३० अंशांची चिंब हवा घनमीटरमागे जवळपास ३० ग्रॅम पाणी बाळगून असते. चार टायर पाच वेळा भरले की तेवढी हवा या टाकीतून जाते. पाणी तिथेच राहतं, ऑइलशी कालवून पांढरट दुधासारखं होतं.

वायरिंग

बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून १० अँपिअरचा फ्यूज, तिथून रिलेच्या ३० ला. ८७ वरून क्लचची वायर. क्लच साधारण चार अँपिअर घेतो. कंट्रोलची वायर चावी चालू केल्यावर करंट येणाऱ्या ठिकाणाहून घ्या: डॅशबोर्डचा स्विच, मग प्रेशर स्विच, मग रिलेची ८६. ८५ अर्थला. क्लचच्या दोन टोकांत १एन४००७ डायोड, चंदेरी पट्टी पॉझिटिव्हकडे, म्हणजे क्लच सुटताना येणारा झटका रिलेचे पॉइंट जाळणार नाही.

प्रेशर स्विचसाठी पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर असतो तोच चालतो. त्याला बंद झाल्यावर लाइनमधला दाब सोडणारी छोटी झडप असते; तिची नळी नॉन-रिटर्नच्या आधीच्या भागाला जोडली की पुढच्या वेळी क्लचला मोकळ्या लाइनवर पकडता येतं. पण तो पाण्यासाठी बनलेला नाही, म्हणून सीटखाली किंवा फायरवॉलवर उंच. ९० ला चालू, १२० पीएसआयला बंद, इतकं लावा. एआरबी कंपनीचे एअर लॉकर (हवेच्या दाबाने डिफरन्शियल लॉक करणारे) याच लाइनवर घेणार असाल तर त्यांना १०५ च्या वर दाब नको. स्विच ८५-१०५ वर लावा किंवा लॉकरच्या लाइनला रेग्युलेटर द्या.

पहिल्यांदा चालवताना

ड्रेन कॉक उघडा ठेवून आयडलवर दोन मिनिटं चालवा, नळ्यांतला कचरा आणि जादा ऑइल निघून जाईल. मग कॉक बंद करून इंजिन १५०० आरपीएमवर धरा. रिकामी १० लिटरची टाकी मिनिटभराच्या आत आठ किलोला पोचली पाहिजे. किती सेकंद लागले ते बॉनेटच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा. सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी मारा, सेफ्टी व्हॉल्व्हची रिंग ओढून तो फुसकन सुटतो का बघा. रात्रभरात दाब थोडा उतरणं ठीक आहे, सकाळी गेज शून्यावर असेल तर पुन्हा साबण.

वापरताना गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड. क्लच आयडलवर पकडू द्या, मग आरपीएम वाढवा. तीन हजारावर स्विच दाबला की क्लचची थाळी घासते. हायवेवर डॅशबोर्डचा स्विच बंदच असला पाहिजे. दोन गाड्यांचे टायर भरून झाले की दहा मिनिटं श्वास घेऊ द्या. इम्पॅक्ट गन चालवायचा मोह होईल. चालते, पण ९० ते १२० च्या मधली १० लिटरची टाकी तिला काही सेकंदच पुरते, मग थांबून दाब चढू द्यायचा. स्प्रे पेंटिंग सोडून द्या, या हवेत ऑइल आहे.

प्रत्येक ट्रिपनंतर टाकीत थोडा दाब असतानाच ड्रेन कॉक उघडा. पावसाळा संपला की गाडी बाजूला लावण्याआधी ओढीत चमचाभर ऑइल घालून, थाळी हाताने फिरवून मग दोन मिनिटं चालवा, म्हणजे सिलिंडर कोरडे गंजत बसणार नाहीत. टाकी भरायला मार्करने लिहिलेल्या आकड्यापेक्षा जास्त वेळ लागायला लागला तर क्रमाने बघा: आधी ओढीचा फिल्टर, मग पट्टा घसरतोय का, मग नॉन-रिटर्न. तिन्ही ठीक असूनही दाब चढत नसेल तर डोकं उघडून रीड व्हॉल्व्ह बघावे लागतील. पत्त्या काळ्या कार्बनने चिकटल्या असतील तर साफ होतात. तुटल्या असतील तर तसाच दुसरा कॉम्प्रेसर शोधणं स्वस्त पडतं.